आरोग्य प्रश्नोत्तरे : चालायला सांगता, पण चालायचे कुठे?

चालण्याविषयी वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी काहींत किती चालावे हे विचारले आहे, तर बाकीच्यांत कुठे चालावे हे. हा दुसरा प्रश्न महापालिकेचा आहे, आरोग्याच्या सदराचा नाही, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. रुग्णाला रोज चालण्याचा सल्ला द्यायचा आणि त्याच्या दारासमोरचा रस्ता चालण्याजोगा आहे की नाही हे विचारायचेही नाही, हा सल्ला अर्धवट आहे. म्हणून या वेळी रस्त्याविषयीच्या पत्रांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून मला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. मुलाने घेऊन दिलेले मनगटी घड्याळ रोज दहा हजार पावलांचा आग्रह धरते. माझी पावले पाच-सहा हजारांच्या पुढे जात नाहीत. एवढ्या चालण्याचा काही उपयोग होतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : निश्चित होतो. दहा हजारांचा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाबरोबर तो रूढ झाला आणि पुढे जगभर पसरला. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात पंधरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात साठीच्या पुढच्या व्यक्तींमध्ये अकाली मृत्यूचा धोका सहा ते आठ हजार पावलांपर्यंत कमी होत जातो आणि त्यानंतर फारसा बदलत नाही, असे दिसले. म्हणजे आपण त्या टप्प्याच्या उंबरठ्यावरच आहात. चालण्याचा सर्वांत मोठा लाभ दोन हजारांवरून चार-पाच हजारांवर येणाऱ्या माणसाला होतो, हे आपल्या घरातील बैठ्या मंडळींनाही अवश्य सांगावे.

भारतीय शरीरावर चालण्याचा काय परिणाम होतो, हे चेन्नईतील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून कळते. मधुमेहाच्या सीमारेषेवर असलेल्या ५३१ व्यक्तींना त्यात चार गटांत विभागले होते. आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास चालणे एवढाच उपाय ज्या गटाला दिला, त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण तुलनेने सुमारे २८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाची गोळी घेणाऱ्या गटातील घटही जवळपास तेवढीच होती.

आपल्याला मधुमेह झालेलाच आहे, तेव्हा चालण्याच्या वेळेकडे लक्ष द्यावे. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्यास स्नायू रक्तातील साखर लगेच वापरू लागतात आणि जेवणानंतरची साखरेची उसळी कमी होते. साखर वाढू लागलेल्या ज्येष्ठांवरील २०१३ च्या एका अभ्यासात तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालणे चोवीस तासांच्या साखरेसाठी उपयुक्त ठरले आणि रात्रीच्या जेवणानंतरचे चालणे विशेष गुणकारी दिसले. आपल्या घरांतील शतपावली शंभर पावलांवर न थांबवता तेवढी वाढवावी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खिशात साखरेची पुडी ठेवावी. दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी चालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मात्र आपण मानू नये. मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते आणि काटा रुतल्याचे कळतसुद्धा नाही. रोज रात्री तळवे उजेडात नीट पाहावेत. चालताना छातीत दडपण येत असेल, किंवा पोटऱ्या ठरावीक अंतरावर भरून येऊन थांबल्यावर मोकळ्या होत असतील, तर चालणे वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : नोकरी, लोकल आणि घर यांत मला सलग अर्धा तास कधीच मिळत नाही. स्टेशनपर्यंत जाणे, भाजी आणणे, जिने चढणे हे ‘चालणे’ म्हणून धरायचे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : धरायचे, आणि मनात कोणतीही शंका न ठेवता धरायचे. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पूर्वी ती हालचाल किमान दहा मिनिटे सलग असावी अशी अट होती. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती काढून टाकण्यात आली. चालीचा वेग असा ठेवावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही.

व्यायामाचे महत्त्व ज्या संशोधनाने प्रथम ठळकपणे पुढे आणले, ते व्यायामशाळेतील नव्हते. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधील चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकाराचा त्रास कमी होता. वाहक आरोग्यासाठी जिना चढत नव्हते, त्यांचे कामच तसे होते. मला याच कारणासाठी बस आणि लोकल या आरोग्याच्या सोयी वाटतात, कारण बसने जाणारा माणूस थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून आपसूक चालतो, तर दारातून दुचाकीवर बसणाऱ्याची ती पावले कायमची जातात.

प्रश्न : आमच्या रस्त्याला पदपथ आहे, पण तो दर वीस पावलांवर एखाद्या सोसायटीच्या फाटकापाशी खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. मध्ये विजेचा डीपी बॉक्स, जाहिरातीचा खांब आणि उभ्या केलेल्या दुचाक्या. गेल्या पावसाळ्यात सुटलेल्या पेव्हर ब्लॉकवरून पडून माझे मनगट मोडले. डॉक्टर म्हणतात चाला, सून म्हणते बाहेर पडू नका. मी कोणाचे ऐकू?
— ६८ वर्षांच्या वाचक (गावाचे नाव छापू नये, अशी विनंती)

उत्तर : आधी आपल्या प्रकृतीविषयी. साठीनंतर स्त्रीचे मनगट उभ्या उंचीवरून पडून मोडते, तेव्हा हाडे ठिसूळ झाली आहेत का हे तपासणे आवश्यक असते. प्लास्टर निघाले म्हणजे उपचार संपले असे समजू नये. हाडांच्या घनतेची तपासणी आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. सूनबाईंची काळजी मला समजते, परंतु घरात बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू आणि तोल दोन्ही दुबळे होतात, आणि पुढच्या वेळी पडण्याची शक्यता वाढते. पासष्टीच्या पुढे चालण्याबरोबर आठवड्यातून तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओट्याला धरून टाचा उचलणे किंवा खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे यापासून सुरुवात करता येईल.

आता पदपथाविषयी. आपण पडलात यात आपला निष्काळजीपणा नाही. चांगला पदपथ कसा असावा, हे आपल्या देशात लिहून ठेवलेले आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची विनाअडथळा जागा हवी, म्हणजे चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतात. बाजारपेठेत ही रुंदी त्याहून अधिक हवी. पदपथाची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. झाडे, दिव्याचे खांब, डीपी बॉक्स आणि बाकडी यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला वेगळा पट्टा राखावा, चालण्याच्या पट्ट्यात त्यांना स्थान नाही. फाटकापाशी पदपथ त्याच पातळीत सलग जावा आणि मोटारीने छोट्या उतारावरून चढून तो ओलांडावा. आपल्याकडे सोसायट्यांच्या फाटकांपाशी नेमके उलट होते. दिवसातून आठ-दहा वेळा जाणाऱ्या मोटारीला सपाट वाट मिळावी म्हणून शेकडो माणसांना चढ-उतार करावे लागतात.

असे का होते, याचे कारण आखणीच्या क्रमात आहे. आधी वाहनांच्या मार्गिका आखल्या जातात आणि उरलेल्या जागेला पदपथ म्हटले जाते. अनेक ठिकाणी तो पावसाळी गटारावरचे झाकण म्हणूनच बांधलेला असतो, त्यामुळे त्याची उंची चालणाऱ्याच्या गुडघ्यांनी नव्हे तर गटाराच्या पातळीने ठरते. नंतर वीज, पाणी, दूरसंचार असे प्रत्येक खाते आपापल्या वेळी तो खणते आणि ब्लॉक जसेच्या तसे परत बसवण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. हे बदलता येते. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्या विचारातून नव्याने बांधलेल्या जंगली महाराज रस्त्यावरील रुंद पदपथ, झाडांच्या सावलीतील बाकडी आणि मुलांची खेळणी एकदा प्रत्यक्ष पाहावीत. तिथे ज्येष्ठ मंडळी नुसती जात-येत नाहीत, बसतातही. दर दोन-तीनशे मीटरवर बसायला जागा असेल, तर गुडघे दुखणारा माणूस घराबाहेर पडण्याचे धाडस करतो. ही सोय अनेक आराखड्यांत विसरली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

कायद्याचे बळही आपल्या बाजूला आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये असे स्पष्ट केले की अडथळामुक्त आणि अपंग व्यक्तींना वापरता येण्याजोगे पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि राज्यांनी त्यासाठी मार्गदर्शक नियम करावेत. तेव्हा आपण अर्ज कराल तो विनवणीचा नसावा. ‘पदपथ खराब आहे’ एवढेच लिहिले तर अर्ज फायलीत जातो. टेप घेऊन मोजमाप करावे आणि अमुक इमारतीसमोर चालण्यासाठी १.८ मीटरऐवजी ६० सेंटिमीटर जागा उरली आहे, अमुक फाटकापाशी पायरी ३० सेंटिमीटर उंच आहे, असे तारीख आणि छायाचित्रासह लिहावे. भागातील ज्येष्ठ नागरिक संघाला बरोबर घेऊन कनिष्ठ अभियंत्यांना त्या रस्त्यावरून एकदा सोबत चालण्याची विनंती करावी. कार्यालयात तासभर बोलून जे पटत नाही, ते चाकाची खुर्ची घेऊन शंभर मीटर जाताना समजते. पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातील लहान कामे सुचवता येतात. आपल्या शहरात अशी सोय असेल तर अंदाजपत्रकापूर्वीच अर्ज द्यावा, नसेल तर नगरसेवकांकडे तिची मागणी करावी.

प्रश्न : रस्ता ओलांडायचा म्हणजे पुलाचा जिना चढायचा. गुडघेदुखीमुळे मला ते जमत नाही आणि खालून गेले की वाहनचालक शिव्या देतात. पूल असताना खालून जाणे चुकीचे आहे का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : आपली अडचण रचनेतून निर्माण झाली आहे. वाहनांना खालून जाता यावे म्हणून असा पूल सुमारे सहा मीटर उंच ठेवावा लागतो. त्याचा अर्थ जवळपास चाळीस पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या, तेही समोरच्या औषधाच्या दुकानात जाण्यासाठी. मुंबईत २००८ मध्ये वांद्रे स्थानक ते कलानगर हा पहिला स्कायवॉक, म्हणजे उंचावरचा लांब पादचारी मार्ग, झाला आणि पुढे अनेक झाले. स्थानकाबाहेरच्या गर्दीतून दूरवर नेणारे काही स्कायवॉक उपयोगी आहेत, हे मान्य करायला हवे. परंतु केवळ रस्ता ओलांडण्यासाठी माणसाला वर चढवणे आणि वाहनाला सपाट वाट देणे हा न्याय उलटा आहे. सिग्नल, ठळक झेब्रा पट्टे, मधोमध थांबायला सुरक्षित जागा आणि शक्य तिथे पदपथाच्या उंचीला आणलेली पादचारी पट्टी हेच योग्य उपाय आहेत.

त्याच्या जोडीला वेग कमी हवा. सरासरी वेग एका टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील ३२,८२५ पादचारी होते. दररोज सरासरी नव्वद माणसे केवळ चालत असताना मरतात, आणि आपण त्याला अपघात म्हणून पान उलटतो. सिग्नल येईपर्यंत मात्र आपण घाई करू नये. घोळक्याबरोबर ओलांडावे आणि शक्य असल्यास लिफ्ट असलेल्या पुलापर्यंत जावे.

प्रश्न : आमच्या शहरातील मुख्य बाजारपेठेत वाहनबंदी करण्याची चर्चा सुरू आहे. माझे कापडाचे दुकान आहे. गिऱ्हाईक गाडीने येणार नाही तर येणारच नाही, मग आम्ही खायचे काय? आणि फेरीवाल्यांचे काय करणार?
— एक व्यापारी, नगर जिल्हा

उत्तर : आपली भीती खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून कोणतीही योजना टिकणार नाही. तरीही आपण पुण्याच्या तुळशीबागेचा विचार करावा. तिथल्या बोळांत मोटार शिरूच शकत नाही, तरी सणासुदीला पाय ठेवायला जागा नसते. दुकानात शिरणारा प्रत्येक जण शेवटी चालतच शिरतो, आणि दाराशी लावलेल्या एका मोटारीच्या जागेत कितीतरी गिऱ्हाइके उभी राहू शकतात. पुण्यातच ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला गेला. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सव्वा किलोमीटरचा रस्ता त्याच वर्षी नव्या रूपात खुला झाला, तेथे दिवसा मोटारींना बंदी आहे. गंगटोकचा महात्मा गांधी मार्ग तर अनेक वर्षांपासून पूर्णपणे चालणाऱ्यांचा आहे.

पण नुसती बंदी घालून भागत नाही. माल उतरवायला रात्रीची किंवा पहाटेची वेळ, पाच मिनिटांच्या अंतरावर वाहनतळ, थांब्यापर्यंत नियमित बस, आणि वृद्धांना व अपंगांना आत नेणारे विजेवर चालणारे छोटे वाहन या गोष्टी आधी हव्यात. व्यापारी संघाने विरोधाचे निवेदन देण्याऐवजी या अटींचे निवेदन द्यावे, आठवड्यातील एका दिवसापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरावा आणि त्या दिवसांची विक्री आपणच नोंदवावी.

फेरीवाल्यांना मी पादचाऱ्यांचा शत्रू मानत नाही. त्यांच्यामुळे रस्त्यावर उजेड आणि जाग राहते आणि संध्याकाळी एकट्या स्त्रीला तिथून जाताना धीर वाटतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रीची जागा ठरवण्यासाठी नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असावे लागतात. चालण्याची १.८ मीटर जागा सोडून उरलेल्या पट्ट्यात त्यांच्या जागा आखाव्यात. समिती कागदावरच असेल तर दुकानदारांनी आणि विक्रेत्यांनी मिळून तिची बैठक मागावी.

प्रश्न : शाळा आठशे मीटरवर आहे, तरी मी मुलीला स्कूटरवरून सोडते. तिला एकटीने चालत पाठवायची हिंमत होत नाही.
— एक पालक, नाशिक

उत्तर : एकटीने पाठवू नये. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर हालचालीची गरज असते. जाता-येता आठशे मीटर म्हणजे त्यातील वीस-पंचवीस मिनिटे सहज होतात. एकाच वाटेवरच्या सात-आठ मुलांचा गट करावा, दोन पालकांनी आळीपाळीने सोबत जावे आणि वेळ व थांबे ठरवून घ्यावेत. शाळेच्या फाटकासमोरची गर्दी बहुतांशी पालकांच्याच वाहनांची असते, त्यामुळे असा एकेक गट वाढला की ती वाट उरलेल्या मुलांसाठीही सुरक्षित होत जाते. फाटकासमोर गतिरोधक आणि झेब्रा पट्टे मागणारा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने जावा.

प्रश्न : आम्ही खेड्यातली माणसे जन्मभर चालतच आलो आहोत. पदपथ हा शहरी लोकांचा लाड नाही का? आमच्या गावावरून राज्यमार्ग गेला आहे आणि उसाच्या हंगामात संध्याकाळी शेतातून परतताना जीव मुठीत धरावा लागतो.
— एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या पत्राच्या शेवटच्या वाक्यातच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. शहरात वाहने निदान अडखळत चालतात. गावाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर ती भरधाव असतात, अंधार असतो आणि उसाने भरलेली ट्रॉली डांबरी पट्ट्याबरोबर साइडपट्टीही व्यापते. चालणाऱ्याला पदपथाची सर्वांत जास्त गरज असते ती अशाच ठिकाणी.

आणि हे अशक्य नाही, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. आषाढी वारीला लाखो माणसे पंढरपूरला चालत येतात. त्या वाटेवरील संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदमार्ग आराखड्यातच धरलेले होते. राष्ट्रीय महामार्गाच्या आखणीत चालणाऱ्याला मानाचे स्थान देता येते, हे त्यातून सिद्ध होते. वारकऱ्याला वर्षातून काही दिवस जी वाट लागते, ती शेतमजुराला, शाळकरी मुलांना आणि आठवडी बाजाराला जाणाऱ्या बायकांना रोज लागते.

ग्रामसभेत ठराव करून तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पाठवावा. त्यात गावठाणापासून शेवटच्या वस्तीपर्यंत मुरूम दाबून पक्की केलेली साइडपट्टी, एसटी थांब्यापाशी दिवा आणि गावाच्या दोन्ही टोकांना वेग कमी करणारी रचना मागावी. साखर कारखान्याकडे प्रत्येक ट्रॉलीला मागच्या बाजूस लाल परावर्तक पट्ट्या बसवण्याची लेखी मागणी हंगाम सुरू होण्याआधी करावी. तोपर्यंत रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे, अंगावर पांढरे किंवा फिके कपडे ठेवावेत आणि हातातील विजेरी चालू ठेवून ती जमिनीच्या दिशेने धरावी.